तहानेल्याला पाणी द्यावे की न द्यावे?

मंडळी, घरात एखाद्या मुलाला ढाळ लागले की पहिला प्रश्न हाच निघतो. कुणीतरी वडीलधारे माणूस सांगते, ‘पाणी पाजू नका, पोटात ठरत नाही, ढाळ वाढतील.’ सांगणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते. पण या एका समजुतीपायी आजवर किती जीव गेले असतील, त्याची गणती नाही. आणि ही समजूत खेड्यातल्याच माणसांची होती असेही नाही. मोठमोठे डॉक्टर पटकीच्या रोग्याचे रक्त काढीत, वर त्याला जुलाबही देत. ही चूक कशी उमगली आणि खरा उपाय कसा सापडला, ती हकीकत आज ऐका.

पटकी म्हणजे कॉलरा. १८१७ साली बंगालात जेसोरच्या बाजूस या रोगाची मोठी साथ उठली आणि तिथून ती देशोदेशी गेली. आपल्याकडे यात्रेकरूंबरोबर ती पंढरीच्या वाटेनेही हिंडली. साथ आली की गावकरी मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन पोचवीत. दुसरे करणार तरी काय? सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी डोळे खोल गेलेला, गार पडलेला दिसे. कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राही, आणि नाडी हाताला लागत नसे.

आता हे होते कसे? याचा पहिला धागा १८३१ साली विल्यम ओशॉनेसी नावाच्या तरुण डॉक्टरला सापडला. इंग्लंडात साथ आली होती. त्याने रोग्यांचे रक्त तपासले, तेव्हा त्यातले पाणी आणि क्षार कमी झालेले आढळले. म्हणजे माणूस मरतो तो अंगातले पाणी आणि मीठ वाहून गेल्यामुळे! हाच ओशॉनेसी पुढे कलकत्त्याला आला आणि त्याने हिंदुस्थानात तारायंत्राच्या तारा टाकल्या.

ओशॉनेसीचे म्हणणे वाचून १८३२ साली स्कॉटलंडातल्या थॉमस लॅटा या डॉक्टरने एका म्हाताऱ्या बाईच्या शिरेत मिठाचे पाणी सोडले. बाई मरणाच्या दारी होती. अर्ध्या तासात तिच्या तोंडावर तजेला आला, ती बोलू लागली. डॉक्टर निर्धास्त होऊन घरी गेले. पण ढाळ चालूच होते, पाणी मात्र पुन्हा कुणी दिले नाही. काही तासांतच बाई गेली. जेवढे जाते तेवढे भरत राहिले पाहिजे, हा धडा त्या बाईच्या मरणाने शिकवला. तो शिकायला जगाला फार वर्षे लागली.

१८८४ साली रॉबर्ट कॉख याने कलकत्त्यात पटकीचा जंतू ओळखला. पण जंतू दिसला तरी तो नेमके काय करतो, हे कळले नव्हते. ते कोडे १९५९ साली कलकत्त्याच्याच शंभूनाथ डे यांनी सोडवले. जंतू गाळून काढलेले नुसते पाणी त्यांनी सशाच्या आतड्यात घातले, तरी आतडे पाण्याने तट्ट फुगले. म्हणजे जंतू आतडे कुरतडत नाही, तो एक विष सोडतो. त्या विषामुळे आतड्याच्या पेशी क्षार आणि पाणी बाहेर फेकू लागतात, आणि थांबतच नाहीत. रोग जोराचा असेल तर तासाला लिटरभर पाणी जाऊ शकते. म्हणून नुसते औषध देऊन जंतू मारले तरी भागत नाही. ते मरेपर्यंत माणूस टिकला पाहिजे ना!

मग तोंडाने पाणी का पाजू नये? पाजले, तर ते अंगी लागत नसे. नुसत्या मिठाच्या पाण्याचीही तीच गत. इथे खरी गंमत आहे. आतड्याच्या भिंतीत मीठ आत घेण्याच्या वाटा एकाहून अधिक आहेत. पटकीचे विष त्यांतल्या काही बंद पाडते. पण एक वाट ते बिघडवू शकत नाही. ही वाट म्हणजे दोन किल्ल्यांची तिजोरी समजा. मीठ आणि साखर दोन्ही एकदम आली तरच ती उघडते, आणि त्यांच्यामागून पाणी आत शिरते. रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने हे कोडे १९६० साली मांडून दाखवले. त्याच्या आधी, १९५३ सालीच, कलकत्त्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १८६ रोग्यांना मीठ-साखरेचे पाणी पाजून बरे केले होते, पण तिकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. १९६८ साली ढाक्याच्या संशोधकांनी पद्धतशीर प्रयोग करून तीच गोष्ट सिद्ध केली.

खरी कसोटी लागली ती १९७१ साली. पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित बंगालात आले आणि छावण्यांत पटकी उसळली. सीमेजवळच्या बनगावच्या दवाखान्यात रोग्यांना खाटा नव्हत्या, माणसे जमिनीवर पडलेली होती. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. तेथे डॉ. दिलीप महालनबीस होते. त्यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा मोजून पुड्या बांधवल्या, पाण्यात कालवून पिंपे भरली आणि आयाबायांना, भावांना सांगितले, ‘पेल्याने पाजत राहा.’ ज्या छावण्यांत शंभरात तीसपर्यंत माणसे मरत होती, तिथे या पाण्यावर ठेवलेल्या तीन हजारांहून अधिक रोग्यांत मृत्यूचे प्रमाण शेकडा ३.६ वर आले. पाजणारे हात नर्सचे नव्हते, घरच्यांचे होते! महालनबीस २०२२ साली वारले, आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

पुढे १९८० ते १९९० या काळात बांगलादेशात बाया घरोघर जाऊन आयांना शिकवू लागल्या. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी! आपण याला जलसंजीवनी म्हणतो.

शिक्षकांना एक सांगणे. औषध म्हणजे जंतूला मारणारे विष, एवढेच मुलांना शिकवू नका. शरीरात काय बिघडले आणि काय शाबूत आहे, हे ओळखून शाबूत वाटेचा उपयोग करून घेणे हेही औषधच. मात्र प्रमाण चुकले तर तेच औषध उलटते. साखर जास्त झाली तर ती आतड्यात आणखी पाणी ओढते. मीठ जास्त झाले तर लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते.

म्हणून प्रमाण नीट लक्षात ठेवा. उकळून गार केलेले एक लिटर पाणी, सपाट सहा चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, शिगोशीग भरलेला नको. दवाखान्यातली पुडी मिळाली तर ती अधिक चांगली. घोटघोट पाजा. ओकारी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करा. अंगावरचे दूध तोडू नका, खाणे बंद करू नका. मूल सुस्त पडले, पिईनासे झाले, लघवी थांबली किंवा शौचातून रक्त पडले, तर वाट पाहू नका, दवाखाना गाठा. वाटेतही पिता येत असेल तोवर पाजत राहा.

आणि कुणी म्हणाले, ‘पाणी देऊ नका,’ तर त्यांच्याशी भांडू नका. शेजारी बसवा, लॅटाच्या त्या म्हातारीची गोष्ट सांगा, आणि हातातला पेला मात्र खाली ठेवू नका.