आधी साचा, मग आवाज

पोवाडा गाताना शाहीर एक हात कानाशी नेतो. पाहणाऱ्यांना ती ऐट वाटते. मी ऑडिओलॉजिस्ट आहे, कानाची मापं घेणं हे माझं रोजचं काम, आणि मला त्या हातात गरज दिसते. डफ, तुणतुणं, मागून झील ओढणारे साथीदार आणि समोर मैदानभर माणसं. एवढ्या कल्लोळात आपला सूर निसटू नये म्हणून शाहीर तळहाताचा आडोसा करतो आणि स्वतःचा आवाज स्वतःच्याच कानाकडे वळवतो. गाणाऱ्याला स्वतःचं गाणं ऐकू यावं ही गरज मायक्रोफोनपेक्षा जुनी आहे. आज रंगमंचावरच्या कलाकाराच्या कानात मापाने बनवलेला जो इन-इअर मॉनिटर दिसतो, तो याच गरजेतून आला.

पुण्यात माझ्याकडे सकाळी येतात ते बहुतेक कानाचं मशीन लावणारे आजी-आजोबा आणि जन्मतः कमी ऐकू येणारी मुलं. संध्याकाळी गायक, ड्रमर, कीबोर्ड वाजवणारे येतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘मॅडम, चार ड्रायव्हरचा घेऊ की आठचा?’ ड्रायव्हर म्हणजे मॉनिटरमधले छोटे स्पीकर. मी म्हणते, आधी कान दाखवा. असं का म्हणते, हे सांगायला या वस्तूचा इतिहासच सांगावा लागतो. कारण मॉनिटर रंगमंचावर वापरला जात असला, तरी घडला तो सकाळच्या पेशंटसाठी झालेल्या कामातून.

संगीत नाटकांच्या काळात ही गरज मांडणीतूनच भागत असे. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आलं तेव्हा नाट्यगृहात ध्वनिक्षेपक नव्हता. पुढे गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांना ऑर्गन, सारंगी आणि अहमदजान थिरकवांचा तबला अशी साथ होती, पण ती आवाजावर कुरघोडी करणारी नव्हती. नटाचा गळा आणि साथीदारांची वाद्यं एकाच हवेत, एकाच मापात मिसळत होती. मैफलीतही गवयाच्या मागे तानपुरे असतात, म्हणजे षड्ज सतत कानाला लागूनच असतो. आपण कुठे आहोत हे गाणाऱ्याला विचारावं लागत नाही.

ध्वनिक्षेपकाने हा तोल मोडला. आवाज मोठा झाला, पण तो श्रोत्यांच्या दिशेने. कर्णे पुढे तोंड करून उभे, आणि गायक स्वतःच्याच आवाजाच्या पाठीमागे. यातून गळ्याचं काय होतं ते 1911 सालीच छापून आलं होतं. एत्येन लोम्बार या फ्रेंच कान-नाक-घसा तज्ज्ञाने दाखवून दिलं, की कानांवर गोंगाट पडला की माणूस नकळत आवाज चढवतो. इच्छा असो वा नसो, कान गळ्याला ढकलतो. स्वतःचं ऐकू न येणारा गायक म्हणूनच ओरडतो, सूर वर चढवतो आणि कार्यक्रमानंतर बसलेला घसा घेऊन घरी जातो.

या हतबलतेचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण 15 ऑगस्ट 1965चं आहे. न्यूयॉर्कच्या शिया स्टेडियममध्ये बीटल्स गात होते आणि समोर 55 हजारांहून अधिक माणसं होती. गिटारसाठी शंभर वॉटचे अँप्लिफायर आणि गाण्यासाठी स्टेडियमचीच घोषणांची यंत्रणा, एवढ्यावर कार्यक्रम झाला. किंकाळ्यांपुढे हे काहीच नव्हतं. बीटल्सच्या दिशेने वळवलेला एकही स्पीकर रंगमंचावर नव्हता. ड्रमर रिंगो स्टारने पुढे सांगितलं, की गाणं कुठवर आलंय हे तो पुढच्या तिघांच्या हालचालींवरून ओळखायचा. कानांचं काम डोळे करत होते. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये बीटल्सने दौरे कायमचे थांबवले. कारणं अनेक होती, पण आपण काय वाजवतो तेच ऐकू येत नाही, हे त्यांतलं एक मोठं कारण होतं.

उपाय तोवर अगदीच अज्ञात होता असं नाही. 1961 साली सॅन फ्रान्सिस्कोत ज्यूडी गारलंड यांच्या कार्यक्रमात मॅक्यून या कंपनीने गायिकेकडे तोंड केलेले स्पीकर लावल्याची नोंद आहे. साठचं दशक सरता सरता हे स्पीकर रंगमंचावर रुळले आणि मग तिरकं तोंड करून कलाकाराच्या पायाशी आले. त्यांना आपल्याकडचे साउंडवाले आजही ‘वेज’ किंवा नुसतंच ‘मॉनिटर’ म्हणतात. सवाई गंधर्व महोत्सवापासून गल्लीतल्या गणेशोत्सवापर्यंत कुठेही जा, कलाकार हात वर करून खूण करताना दिसेल: मॉनिटर वाढवा.

वाढवण्याला मात्र मर्यादा असते. वेजमधला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो, तिथून पुन्हा वेजमध्ये येतो, आणि हे चक्र एका पातळीपुढे गेलं की शिट्टी वाजते. शिट्टी टाळायची तर आवाज कमी हवा, ड्रमच्या वर ऐकू यायचं तर जास्त हवा. प्रत्येकाला आपला वेज शेजाऱ्यापेक्षा वर लागतो, म्हणून सगळेच चढत जातात. 1974 साली ‘ग्रेटफुल डेड’ या अमेरिकन बँडने सुमारे सहाशे स्पीकरांची भिंत आपल्या पाठीमागे उभारली. श्रोते ऐकतील तेच कलाकारांनी ऐकायचं, वेगळा मॉनिटर नकोच, अशी ती कल्पना. माइकमध्ये भिंतीचा आवाज शिरू नये म्हणून प्रत्येक गायकापुढे दोन माइक एकमेकांच्या उलट जोडलेले असायचे. गायक एकातच गायचा. दोन्हींत शिरणारा मागचा आवाज परस्परांना खोडून टाकायचा आणि गाणं तेवढं उरायचं. कल्पना विलक्षण होती, पण तो डोंगर गावोगाव हलवणं अशक्य झालं आणि वर्षअखेर तो मोडीत निघाला.

या सगळ्याची किंमत कानांनी मोजली. माझ्या व्यवसायात एक हिशेब पाठ असतो. 85 डेसिबल आवाजात रोज आठ तास हे सुरक्षित मर्यादेचं टोक, आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. 88ला चार तास, 91ला दोन, आणि 100 डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. ड्रम आणि वेज यांच्यामध्ये उभा राहणारा कलाकार ही पंधरा मिनिटं पहिल्या दोन-तीन गाण्यांतच संपवतो. ‘द हू’ या बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंड कानातल्या सततच्या नादाबद्दल आणि कमी होत गेलेल्या श्रवणाबद्दल जाहीरपणे बोलला, तेव्हा संगीतकारांच्या जगात पहिल्यांदा या विषयाला तोंड फुटलं.

उत्तर तयार होत होतं ते रंगमंचापासून दूर, कमी ऐकणाऱ्यांच्या जगात. 1910 साली अमेरिकेतल्या युटा राज्यात नथॅनियल बाल्डविनने घरच्या स्वयंपाकघरात हेडफोन बनवून नौदलाला पाठवले. त्यांचं मर्म होतं चुंबकांच्या मधोमध तोलून धरलेली लोखंडी पट्टी. भोवतीच्या वेटोळ्यातून वीज वाहिली की पट्टी हलते, ती बारीक दांडीने पडदा हलवते, आणि अत्यल्प विजेत स्वच्छ आवाज मिळतो. हेच तत्त्व ह्यू नोल्स यांनी 1946 साली स्थापन केलेल्या कंपनीने श्रवणयंत्रांसाठी लहान लहान करत नेलं, इतकं की सगळा स्पीकर तांदळाच्या काही दाण्यांच्या जागेत मावू लागला. आज ड्रायव्हर म्हणून जे मोजले जातात, त्यांतले बहुसंख्य याच घराण्यातले आहेत. दुसऱ्या बाजूला कानाच्या आकाराचा साचा घेऊन त्यावरून मोल्ड बनवायची कला श्रवणयंत्रांच्या प्रयोगशाळांत पिकत होती. दातांच्या कवळीचं ॲक्रिलिक तिथे कानासाठी वापरलं जात होतं.

हे दोन प्रवाह आणि रंगमंच यांची गाठ पडायला सत्तरचं दशक उजाडलं. स्टीफन अँब्रोज या तंत्रज्ञाने स्टीव्ही वंडरसारख्या कलाकारांसाठी कानात बसणारे मॉनिटर करून दिले. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत मार्टी गार्सिया आणि ब्रिटनमध्ये गारवुड कंपनी यांनी हे काम पुढे नेलं. कमरेला छोटा रेडिओ रिसीव्हर अडकवला की कलाकार वायरमधून सुटला. त्याच दशकात मीड किलियन यांनी 1983 साली एटिमॉटिक रिसर्च ही संस्था काढली. 1988 साली त्यांनी संगीतकारांसाठी असे इअरप्लग आणले, जे सगळे स्वर सारखेच, सुमारे 15 डेसिबलने खाली आणतात. संगीत मळकट होत नाही, फक्त हळू होतं. नोल्सकडे श्रवणयंत्रांवर काम केलेला हा माणूस वाजवणाऱ्यांचे कान वाचवायला सरसावला, याचा माझ्या पेशाला अभिमान आहे.

मग 1995 उजाडलं. व्हॅन हेलन बँडचा ड्रमर अ‍ॅलेक्स व्हॅन हेलन याला बाजारातला एकही इन-इअर पसंत पडेना. त्यांचा मॉनिटर इंजिनिअर जेरी हार्वी याने एका कवचात दोन ड्रायव्हर बसवले, एक खर्जासाठी आणि एक वरच्या स्वरांसाठी, आणि मधे स्वर वाटून देणारं छोटं सर्किट घातलं. यातून अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली. हे मॉनिटर घडवायला तिने हात धरला तो कोलोरॅडोच्या वेस्टोनचा, कानाच्या मोल्डचं काम वर्षानुवर्षं केलेल्या कंपनीचा. 1997 साली शूर या कंपनीने आपली वायरलेस मॉनिटर यंत्रणा आणली. 2008 साली लॉजिटेकने अल्टिमेट इअर्स विकत घेतली, त्याआधीच हार्वी बाहेर पडून जेएच ऑडिओ काढून बसला होता. दोनाचे चार, चारांचे सहा, आठ ड्रायव्हर झाले. जाहिरातींत आकडे चढत गेले आणि साचा मागे पडला.

म्हणून मी साच्यापासून सुरुवात करते. आधी दुर्बिणीतून कान बघायचा. मळ असेल तर तो डॉक्टरांकडून काढून घ्यायचा, पडदा धड आहे ना ते पाहायचं. मग दोरा बांधलेला स्पंजचा छोटा बोळा कर्णनलिकेच्या दुसऱ्या वळणापलीकडे सरकवायचा. तो पडद्याचं रक्षण करतो. त्यानंतर दोन भाग मिसळलेलं सिलिकॉन हळूहळू भरायचं. ते घट्ट होईपर्यंत दातांमध्ये ठोकळा धरून तोंड उघडं ठेवायला सांगते. गायक कुरकुरतात, पण इथेच सगळं ठरतं. जबड्याचा सांधा कर्णनलिकेला खेटून असतो, तोंड उघडलं की नलिकेचा आकार बदलतो. मिटल्या तोंडाने घेतलेल्या साच्याचा मॉनिटर ‘आ’ लावताच सैल होतो, फट पडते, खर्ज गळून जातो. मग गायक काय करतो? आवाज वाढवतो. ज्या रोगावर औषध घेतलं, तोच रोग परत.

खोलीचंही तसंच आहे. कानांत बोटं घालून ‘ऊ’ म्हणून पाहा, आपलाच आवाज डोक्यात घुमतो. कवटीतून आलेली कंपनं नलिकेच्या बाहेरच्या, कूर्चेच्या भागाला हलवतात आणि नलिकेचं तोंड बंद असल्याने तो आवाज आतच कोंडतो. दुसऱ्या वळणाच्या पुढे, हाडाच्या भागापर्यंत नीट बसलेला मोल्ड ही घुमघुम बरीच कमी करतो. गायकासाठी हे आठ ड्रायव्हरांपेक्षा महत्त्वाचं आहे.

यानंतर ड्रायव्हरांकडे वळावं. ड्रमरला बाहेरचा आवाज अडवणं आणि भरदार खर्ज हवा. गायकाला मधले स्वर खरे हवेत, कारण शब्द आणि श्रुती तिथे राहतात. हार्मोनिअम-तबल्याच्या साथीने गाणाऱ्या काहींना पूर्ण बंद कान सोसत नाही. सभागृह ऐकू आलं नाही तर दाद कळत नाही, साथीदाराचा श्वास कळत नाही. त्यांनी श्रोत्यांकडे माइक लावून तो आवाज मिश्रणात घ्यावा, किंवा बाहेरचं थोडं आत येऊ देणारं मॉडेल निवडावं. एक कान काढून गाण्याची सवय मात्र मी सगळ्यांना सोडायला लावते. दोन कानांनी मिळून ऐकताना तोच आवाज मोठा वाटतो. एक काढला की दुसऱ्यातला वाढवावा लागतो, आणि उघडा कान तर वेज आणि ड्रमच्या तोंडी असतोच.

मॉनिटर तयार होऊन आला की मी कलाकाराला गायला लावते. मान वळवा, हसा, तार सप्तकात जा. कुठेही खर्ज विरला तर कवच परत पाठवायचं, त्यात संकोच नको. कान वयाबरोबर आणि वजनाबरोबर बदलतो, म्हणून काही वर्षांपूर्वीच्या मापावर नवा मॉनिटर मागवू नये. रिसीव्हरचा लिमिटर, म्हणजे आवाज ठरावीक पातळीपुढे जाऊ न देणारी सोय, चालू ठेवावा, आणि वर्षातून एकदा ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणाची चाचणी, करावा, गळ्याची काळजी घेतो तितक्याच निष्ठेने.

मापात बसलेला मॉनिटर बाहेरचा गोंगाट वीस-पंचवीस डेसिबलने अडवू शकतो. त्याचा अर्थ एवढाच, की आता कमी आवाजात ऐकता येईल. कमी करायचा की नाही, हे यंत्र ठरवत नाही. तेच यंत्र पडद्यापासून काही मिलिमीटरवर वेजइतका आवाज ओतू शकतं. माझ्याकडून साचा घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट मागते: रंगमंचावर चढलात की आवाज हवा त्याहून एक घर खाली ठेवा आणि दोन गाणी थांबा. कानाला सवय होते. ज्याला स्वतःचं नीट ऐकू येतं त्याला ओरडावं लागत नाही, आणि ज्याचे कान टिकतात त्याचं गाणं साठीतही ऐकायला मिळतं.