निबंधतपासणी : यंत्र आणि परीक्षक

शिक्षणातील कृत्रिम बुद्धिमत्तेची चर्चा आज जोरात असली, तरी निबंध संगणकाकडून तपासून घेण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकी संशोधक एलिस पेज यांनी ती १९६६ मध्येच मांडली होती. व्यवस्थापन अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी होणाऱ्या ‘जीमॅट’ परीक्षेत १९९९ मध्ये ‘ई-रेटर’ ही प्रणाली आली. एक गुण परीक्षकाचा, दुसरा यंत्राचा. दोहोंत मोठी तफावत पडल्यास निबंध आणखी एका परीक्षकाकडे जाई. यंत्र थकत नाही, सरावाच्या निबंधावर काही क्षणांत अभिप्राय देते. गठ्ठे तपासणाऱ्या शिक्षकाला ही सोय लहान नव्हे.

मात्र अशा प्रणाली आशयापेक्षा शब्दसंपदा, लांबी, वाक्यरचना अशा बाह्य खुणाच अधिक मोजत आल्या. ‘एमआयटी’ संस्थेत लेखन शिकविलेले लेस पेरेलमन यांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने २०१४ मध्ये ‘बेबल’ ही आज्ञावली तयार केली. तीन शब्द पुरविले की ती भारदस्त, पण निव्वळ निरर्थक निबंध रचून देई आणि त्याला यंत्राकडून उत्तम गुण मिळत! साधे, नेमके लिहिणाऱ्या विद्यार्थ्यावर यात अन्याय होण्याची शक्यता उघड आहे. फेरतपासणीत तरी त्याचा निबंध परीक्षकाने स्वतः वाचणे म्हणूनच अगत्याचे ठरते.