विडियाच्या दाताची कुळी

सागवानात सिलिका असते, बारीक वाळूच म्हणा. ती साध्या पोलादी आरीची धार झपाट्याने खाते. म्हणून नागपुरात लकडगंजातल्या लाकूडकामात गोल आरीच्या दातांवर विडियाच्या टिकल्या चांदीच्या डाखाने बसवलेल्या दिसतात. या टिकलीचा जन्म आरीसाठी झालाच नव्हता, बल्बसाठी झाला होता. हे कळल्यापासून भेटेल त्या धारवाल्याला मी सांगत सुटलो आहे!

बल्बमधली टंगस्टनची तार हिऱ्याच्या छिद्रांतून ओढून बारीक करत. हिरे महाग, म्हणून बर्लिनच्या ओसराममध्ये पर्याय शोधला जात होता. तिथल्या कार्ल श्र्योटरने टंगस्टन कार्बाइडच्या भुकटीत कोबाल्ट मिसळून ती दाबली, भाजली आणि १९२३ साली पेटंट मागितलं. पुढे क्रुपने हक्क घेतले आणि १९२७च्या लाइपझिग प्रदर्शनात ‘विडिया’ मांडलं, म्हणजे जर्मनमध्ये ‘हिऱ्यासारखं’.

काही जण ही कुळी आन्री म्वासाँपासून सांगतात. १८९०च्या दशकात त्याने विजेच्या भट्टीत टंगस्टन कार्बाइड बनवलं, हे खरंच. पण ते इतकं ठिसूळ की दात म्हणून टिकलंच नसतं. माझ्या मते मूळपुरुषाचा मान कोबाल्टचा. पुरावा धार लावताना मिळतो. कूलंट चुकीचं निवडलं तर ते कोबाल्ट विरघळवतं, कार्बाइडचे कण सुटतात आणि ताजी धार खरबरीत होते. कण तेच असतात, त्यांना धरून ठेवणारा तेवढा गेलेला असतो. म्वासाँच्या बाजूने बोलणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

हिऱ्याला पर्याय म्हणून आलेल्या या टिकलीला आज धार लावते ती हिऱ्याचीच चाकी. पूर्वी हिरव्या सिलिकॉन कार्बाइडच्या चाकीवर भागवत. हिऱ्याच्या चाकीला मात्र पोलाद लागू द्यायचं नाही, कारण तापलेलं लोखंड हिऱ्यातला कार्बन ओढून घेतं आणि चाकी झिजते. म्हणून टिकलीमागचं पोलाद आधी वेगळ्या चाकीवर उतरवावं. कोरडी घासून तापलेली टिकली पाण्यात बुडवू नये. तिला तडे जातात.

विडियाला कुणी निव्वळ परदेशी माल म्हटलं की मी आगरगावचं नाव काढतो. नागपूर जिल्ह्यातल्या या गावच्या क्वार्ट्झच्या शिरांत वुल्फ्रमाइट, म्हणजे टंगस्टनचं खनिज आहे. त्याची नोंद श्र्योटरच्या पेटंटआधीच झाली होती. कृती बर्लिनची, पण तिला लागणारा धातू आपल्याही जमिनीत आहे.