खडक पाहावा ओहोटीला

मी नागापूरचा, सीनेच्या काठचा माणूस. समुद्र आमच्यापासून लांब, पण काळ्या खडकाशी ओळख जुनी. विहीर खणताना सुरुंग लावावा लागतो, तो हाच. हा खडक समुद्राला भिडतो तेव्हा काय होते, ते पाहायला मी कॅमेरा घेऊन हरिहरेश्वरला गेलो. पुणे, ताम्हिणी, माणगाव असा रस्ता धरला.

नगरकरांना हा मुलूख तसा परका नाही. शेजारचे श्रीवर्धन बंदर निजामशाहीच्या काळात नगरच्याच अमलाखाली होते. पुढे याच श्रीवर्धनच्या भट घराण्यातील बाळाजी विश्वनाथ १७१३ साली पेशवे झाले. हरिहरेश्वर हे त्यांचे कुलदैवत.

काळभैरवाच्या देवळामागच्या पायऱ्या चढून गेले की डोंगराच्या अरुंद खाचेतून वाट थेट समुद्रावर उतरते. खाली लाटांनी सपाट केलेला खडकाचा ओटा आहे. कड्याच्या अंगावर मधाच्या पोळ्यासारखी असंख्य भोके. आमच्या पारनेर तालुक्यात निघोजला कुकडीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. तिथे भोवऱ्यात फिरणारे गोटे खडक कोरतात. इथले कोरीव काम मिठाचे. खारे पाणी खडकाच्या बारीक छिद्रांत शिरते, उन्हाने आटते, मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगडाचा कण न् कण सुटतो. दोन्हीकडचा खडक मात्र लाव्हाचाच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा.

फोटो काढता काढता मी समुद्राकडे पाठ करून मागे सरत होतो. तेवढ्यात एका वृद्ध गृहस्थांनी हाक मारली, "अहो पाहुणे, भरती लागली. आधी वर या!" मी उभा होतो त्या दगडावरून थोड्याच वेळात लाट गेली.

वर आल्यावर त्यांनी हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला साधारण सहाला भरती, म्हणून बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येला भरती साधारण सव्वाअकराला, तर ओहोटी सव्वापाचच्या आसपास. त्या सुमारास पाणी खूप मागे हटते.

प्रदक्षिणा ओहोटीलाच करायची, हा इथला रिवाज मला केवळ देवाधर्माचा वाटला होता. त्यात जीव सांभाळण्याचे शहाणपण आहे. लाटेने इथून माणसे ओढून नेली आहेत, म्हणून तर धोक्याच्या पाट्या आहेत. पूर्वीचा यात्रेकरू तिथी पाहून यायचा. आपण रविवार पाहून येतो आणि पाटीकडे पाठ करून फोटो काढतो.

पुढच्या खेपेला मी हिवाळ्यात, पौर्णिमेच्या दुपारी गेलो. पाणी मागे जात असतानाच खाली उतरलो आणि ते वळायच्या आत वर आलो. पश्चिमेच्या तिरप्या उन्हात एकेक भोक उठून दिसत होते. माझ्याकडचा सर्वांत चांगला फोटो त्या दिवसाचा आहे. तुम्हीही जरूर जा. पावसाळा टाळा, आणि निघण्यापूर्वी कॅमेऱ्याबरोबर पंचांगही एकदा उघडा.