दिवसा तारे का दिसत नाहीत?

इब्न अल-हैसम यांचे नाव निघाले की आपल्यापैकी अनेकजण अभिमानाने म्हणतात, कॅमेऱ्याचा शोध आमचाच. मला हा दावा खटकतो. बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत काम केलेल्या या विद्वानाने अकराव्या शतकात 'किताब अल-मनाझिर'मध्ये मांडलेली गोष्ट याहून मोलाची आहे. तारे दिवसाही आकाशात असतात. उजळलेल्या आकाशापुढे ते दिसत नाहीत. प्रखर प्रकाश मंद प्रकाशाला झाकतो.

छायाचित्रकारांपुढे हीच अडचण उभी राहिली. १८५० च्या दशकात फ्रान्समधील गुस्ताव्ह ल ग्रे यांना एका काचेवर समुद्र आणि आकाश दोन्ही नीट टिपता येत नव्हते. त्यांनी दोन निगेटिव्हमधून एक चित्र छापले. १९९७ मध्ये डेबेवेक आणि मलिक यांनी कमी-जास्त एक्सपोजरच्या अनेक फोटोंतून दृश्यातल्या प्रकाशाचा हिशेब मांडला. पण तो दाखवायचा कुठे? साध्या पडद्यावर प्रत्येक रंगाच्या २५६ च पायऱ्या! २००२ मध्ये राइनहार्ड आणि सहकाऱ्यांनी एक सोपे सूत्र दिले : प्रकाशाच्या आकड्याला त्याच आकड्यात १ मिळवून भागा. ०.१ चे सुमारे ०.०९ होते, ९९ चे ०.९९. अंधारातले तपशील जवळपास तसेच राहतात, झगझगीत भाग तेवढा आवळला जातो.

हे सूत्र इब्न अल-हैसम यांचे नाही, आणि त्याने त्यांचे मोठेपण कमी होत नाही. न केलेले शोध आपण त्यांच्या नावावर चढवतो, तेव्हा त्यांनी खरोखर केलेले काम मात्र वाचायचे राहून जाते.