अंगठ्याची किंमत आणि कमिशनरचे दप्तर

उजवा हात कोपरापाशी किंवा त्याच्या वर तुटला तर 70 टक्के, डावा तसाच तुटला तर 60. एक डोळा गेला तर 30, अंगठा गेला तर 25, तर्जनी गेली तर 10 आणि उरलेल्या बोटांपैकी एखादे गेले तर 5 टक्के: 1923 सालच्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याला जोडलेल्या पहिल्या परिशिष्टात मनुष्याच्या देहाची अशी मोजदाद केलेली होती. हे टक्के कमावण्याची शक्ती किती घटली, याचे. आणि पूर्ण व कायमच्या अपंगत्वाबद्दल प्रौढ कामगाराला बेचाळीस महिन्यांचा पगार किंवा 3500 रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती द्यावयाची, असा हिशेब होता. दरमहा 30 रुपये मिळवणाऱ्या गड्याच्या बाबतीत तो आकडा 1260 रुपयांवर जाई. म्हणजे सांच्यावरून सुटलेल्या धोट्याने त्याचा डोळा फुटला तर 378 रुपये, दातेरी चाकात अंगठा गेला तर 315, आणि करंगळी गेली तर 63.

हे कोष्टक क्रूर आहे असे पुष्कळांना वाटते. मला तसे वाटत नाही. कारण त्याच्या आधी जे होते त्यात आकडाच नव्हता. मुंबईत पहिली कापडगिरणी 1854 साली स्थापन झाली आणि त्याच्या पुढच्याच वर्षी, विलायतेतील कायद्याच्या धर्तीवर, अपघातात मेलेल्या मनुष्याच्या कुटुंबाला दावा लावण्याची मुभा देणारा कायदा सरकारने केला. परंतु त्यासाठी दुसऱ्याचा दोष शाबीत करावा लागे, दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागे, मुद्रांक आणि वकील यांचा खर्च सोसावा लागे, आणि ज्या घरातला मिळवता गेला त्या घराला हे झेपणे दुरापास्त होते. जो मेला नाही, केवळ थोटा झाला, त्याच्यासाठी तर एवढेही स्वतंत्र साधन नव्हते. मालकाच्या मनात आले तर चार रुपये हातावर पडत, नाही तर जॉबर, म्हणजे मजूर भरणारा मुकादम, दुसऱ्या दिवशी त्याच सांच्यावर बदलीचा माणूस उभा करी.

या स्थितीविरुद्ध मुंबईच्या मजुरांनी मागणी केली ती 1884 च्या सप्टेंबरात. मजुरांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळच्या सुपारीबागेत सभा भरवून तयार केलेल्या आणि साडेपाच हजार मजुरांच्या सह्यांनी सरकारी कमिशनकडे गेलेल्या अर्जात रविवारची सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार या कलमांबरोबर आणखी एक कलम होते: काम करताना जबर दुखापत झाल्यास मजूर बरा होईपर्यंत त्याला पुरा पगार मिळावा, आणि तो जन्माचा अपंग झाल्यास त्याच्या चरितार्थाची योग्य तरतूद व्हावी. रविवारच्या सुटीचे श्रेय लोखंड्यांना आजही दिले जाते व ते योग्यच आहे. पण माझ्या मते त्या अर्जातील अधिक दूरदृष्टीचे कलम हे दुखापतीचे होते, आणि त्याची आठवण मात्र फारशी कोणी काढत नाही. सुटी सहा वर्षांत मिळाली. दुखापतीचा कायदा व्हायला जवळजवळ चाळीस वर्षे जावी लागली, आणि 1 जुलै 1924 रोजी तो अंमलात आला तेव्हा लोखंडे हयात नव्हते.

नव्या कायद्याने दोषाचा प्रश्न बहुतांशी बाजूला ठेवला: कामामुळे आणि काम चालू असताना अपघात घडला एवढे ठरले की मालक देणेकरी. तथापि पुरा पगार काही मिळाला नाही. पहिल्या दहा दिवसांचे काहीच नाही, आणि त्यानंतर दर पंधरवड्याला मासिक पगाराचा चौथा हिस्सा किंवा 15 रुपये, यांपैकी कमी असेल ते. मालकांनी या नव्या जोखमीचा बंदोबस्त विमा उतरवून केला. मुंबईच्या गिरणीवाल्यांनी तर त्यासाठी आपली परस्पर विमासंस्थाच उभारली. येथून तडजोडीचा एक नवा व्यवहार सुरू झाला. कायद्यानेच अशी अट घातली होती की, उभय पक्षांना आपापसात मिटवता येत नाही असा काही वाद उत्पन्न झाल्यावाचून, भरपाईचे दावे ऐकण्यासाठी नेमलेल्या कमिशनरकडे अर्ज करता येणार नाही. अर्थात आधी बोलणी, मग दाद.

ही बोलणी कोणामध्ये होत याचा विचार करावा. एका बाजूला ते परिशिष्ट मुखोद्गत असलेला, प्रकरण आज मिटो वा उद्या, ज्याचा पगार चुकत नाही असा मालकाचा किंवा विमासंस्थेचा कारकून. आणि दुसऱ्या बाजूला इस्पितळातून नुकताच बाहेर पडलेला, खोलीचे भाडे, खाणावळीची बाकी आणि पठाण सावकाराचे व्याज अंगावर असलेला रत्नागिरीकडचा गडी. बोट समूळ तुटले असेल तर टक्का छापलेला असे व वादाला जागा थोडी राही. परंतु हात तुटला नाही, नुसता चेंगरला, बोटे ताठर झाली, मूठ वळेना, अशा दुखापतीला परिशिष्टात टक्का नव्हता. तेथे कमावण्याची शक्ती किती घटली हे डॉक्टरांच्या मतावर ठरायचे, आणि मालकाचा डॉक्टर दहा म्हणे तेथे दुसरा तीस म्हणू शके. खरी घासाघीस याच जागी होई. त्यात मालकाने फुकट तपासणी देऊ केली असता ती नाकारली, किंवा तपासणी न करून घेता गडी गावी निघून गेला, तर परत येऊन तपासून घेईपर्यंत त्याचा हक्क तहकूब राहत असे. दुखण्यात कोकणात आईजवळ जाऊन पडावे, ही ज्या वर्गाची स्वाभाविक रीत, त्याला हे कलम किती जाचक झाले असेल हे सांगावयास नको.

अशा विषम सौद्यात न्याय कसा आणावा? या कायद्याचे खरे चातुर्य मला परिशिष्टात दिसत नाही. ते दिसते अठ्ठाविसाव्या कलमात. एकरकमी भरपाई आपसात ठरली की त्या कराराचा मसुदा मालकाने कमिशनरकडे धाडावा, कमिशनरने उभयतांना सात दिवसांची नोटीस द्यावी, आणि करार खरा असल्याची खात्री पटल्यावरच तो दप्तरी नोंदवावा. रक्कम अपुरी वाटली, किंवा कपटाने, दडपणाने अथवा अन्य गैरमार्गाने संमती घेतल्याचे दिसले, तर नोंद नाकारून योग्य तो हुकूम करावा. आणि मालकाने करार नोंदलाच नाही तर? त्याचे उत्तर पुढच्याच कलमात होते: पुरी भरपाई देण्याची त्याची जबाबदारी कायम राहील, आणि कमिशनरने निराळा हुकूम केला नाही तर, आधी दिलेल्या रकमेपैकी निम्म्याहून अधिक वजावट त्याला मिळणार नाही. शंभर देऊन कोऱ्या पावतीवर अंगठा उठवून घेणाऱ्याला त्यातले पन्नास बुडीत खाती धरावे लागत. हक्क सोडून देण्याचा करार तर मुळातच रद्दबातल होता. मृत्यूच्या प्रकरणात विधवेच्या हाती परभारे दिलेला पैसा भरपाईत धरलाच जात नसे. तो कमिशनरकडे भरावा लागे आणि वाटणी कमिशनर करी.

न्याय्य तडजोड म्हणजे दोघांच्या संमतीने ठरलेली तडजोड, असे आपले दिवाणी कायदे सामान्यतः मानतात. या कायद्याने, भुकेल्याची संमती ही पुरती संमती नव्हे, हे ओळखून तिसऱ्या माणसाला नकाराचा अधिकार दिला. अर्थात दप्तरापर्यंत जे प्रकरण पोचेल त्यालाच हे संरक्षण. ज्याला हा कायदाच ठाऊक नाही, किंवा दावा सांगितला तर जॉबर पुन्हा कामावर घेणार नाही या धास्तीने जो गप्प बसला, त्याला कमिशनर काय करणार? ज्यात कामगार पुढारी ना. म. जोशी सभासद होते त्या शाही मजूर कमिशनने 1931 साली या कायद्याच्या उणिवा दाखवल्या, आणि 1933 च्या दुरुस्तीने बिनपगारी दहा दिवसांचे सात झाले. एवढ्यासाठी नऊ वर्षे लागली.

1954 च्या ऑक्टोबरात राज्य कामगार विमा योजना मुंबईला लागू झाली. तिच्या कक्षेतल्या गिरणी कामगाराच्या दुखापतीची भरपाई मालकाच्या आणि त्याच्या विमा कंपनीच्या हातून निघून योजनेच्या निधीतून, ठरलेल्या दराने मिळू लागली, आणि अपंगत्वाचा टक्का ठरवण्याचे काम वैद्यकीय मंडळाकडे गेले. जे कामगार त्या योजनेबाहेर राहिले, त्यांना मात्र जुना कायदा आणि त्याचे अठ्ठाविसावे कलम हाच आधार उरला.