बुधन थिएटर नेमकं काय आहे? ‘जन्मजात गुन्हेगार’ ठरवलेल्या वस्तीतली पोरं नाटक आणि सिनेमाकडे कशी वळली?

अहमदाबादच्या कुबेरनगर भागात छारानगर नावाची वस्ती आहे. शहरात या वस्तीची ओळख विचारली, तर बहुतेक जण दोनच गोष्टी सांगतात : चोरी आणि हातभट्टीची दारू. पण याच वस्तीत 1998 पासून एक नाटक मंडळी काम करते आहे. तिचं नाव बुधन थिएटर. पथनाट्यं, वाचनालय, माहितीपट आणि तरुणांना कॅमेरा हाताळायला शिकवणं असं या मंडळींचं काम आहे. यातली काही मुलं पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकली, काही पत्रकार झाली, काही वकील झाली.

या मंडळींचा महाराष्ट्राशीही जवळचा संबंध आहे. त्यांच्या सुरुवातीच्या नाटकांपैकी एक बारामतीतल्या घटनेवर आहे. नीट समजण्यासाठी सगळं सुरुवातीपासून पाहू.

छारा म्हणजे कोण?

छारा हा सांसी या भटक्या समाजाचा एक गट. त्यांची स्वतःची भांतू नावाची बोली आहे. महाराष्ट्रात ज्यांना आपण कंजारभाट म्हणतो, ते यांचेच भाईबंद. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत कंजारभाट या नोंदीखालीच ‘छारा’ हे नाव येतं. छारानगरमधली आडनावंही मराठी माणसाला ओळखीची वाटतील : इंद्रेकर, गागडेकर, माछरेकर.

फिरतीवर जगणारा हा समाज एका जागी आला तो स्वतःच्या मर्जीने नाही. त्यामागे एक कायदा होता.

1871 चा कायदा काय होता?

ब्रिटिश सरकारने 1871 साली ‘क्रिमिनल ट्राइब्ज अॅक्ट’ म्हणजे गुन्हेगार जमाती कायदा आणला. एखाद्या माणसाने गुन्हा केला म्हणून त्याला शिक्षा, हा साधा नियम या कायद्याने उलटा केला. आख्खी जमातच गुन्हेगार म्हणून जाहीर करायची, मग त्यातला माणूस काही करो अगर न करो. जमातीतल्या लोकांची पोलिसांकडे नोंद व्हायची. ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागायची. गाव सोडून जायचं तर परवाना लागायचा. हा कायदा आधी उत्तर भारतात लागू झाला, मग हळूहळू देशभर पसरला.

पुढे या लोकांना एका जागी कोंडून ठेवण्यासाठी ‘सेटलमेंट’ उभारल्या गेल्या. भोवती कुंपण, आत काम, ये-जा करण्यावर बंधनं. सोलापुरात अशी मोठी सेटलमेंट होती आणि तो भाग आजही ‘सेटलमेंट’ याच नावाने ओळखला जातो. अहमदाबादची छारा वस्तीही अशाच सेटलमेंटमधून तयार झाली. तेव्हा सोलापूर आणि अहमदाबाद ही दोन्ही शहरं एकाच मुंबई प्रांतात होती.

देश 15 ऑगस्ट 1947 रोजी स्वतंत्र झाला, पण हे लोक मोकळे झाले 31 ऑगस्ट 1952 रोजी. म्हणजे पाच वर्षं आणि सोळा दिवसांनी. म्हणून या जमातींना ‘विमुक्त’ म्हणतात आणि 31 ऑगस्ट हा विमुक्त दिन म्हणून पाळला जातो.

कायदा गेला, पण जागा रिकामी राहिली नाही. राज्याराज्यांत ‘सराईत गुन्हेगार’ कायदे आले. कागदावर ते व्यक्तीला लागू होतात, जमातीला नाही. पण चोरी झाली की आधी विमुक्तांच्या पालावर किंवा वस्तीत जायचं, ही पोलिसांची सवय काही कागदाबरोबर रद्द झाली नाही.

मग हा बुधन कोण?

बुधन छारा नव्हता आणि तो कधी अहमदाबादला आलाही नव्हता. बुधन सबर हा पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यातला खेडिया सबर या विमुक्त जमातीतला तरुण. फेब्रुवारी 1998 मध्ये तो बायको श्यामलीसोबत बाहेर पडला असताना पोलिसांनी त्याला उचललं. आठवडाभरात कोठडीतच त्याचा मृत्यू झाला. त्याने गळफास घेतला, असं पोलिसांनी सांगितलं.

सबर लोकांनी यावर विश्वास ठेवला नाही. पुरावा नष्ट होऊ नये म्हणून त्यांनी बुधनच्या जागी एक पुतळा जाळला आणि खरा मृतदेह पुरून ठेवला. तो मृतदेह नंतर पुन्हा तपासला गेला. सबर कल्याण समितीने हे प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयात नेलं. लेखिका महाश्वेता देवी या समितीच्या पाठीशी उभ्या होत्या. जुलै 1998 मध्ये न्यायालयाने सीबीआय चौकशीचा आणि श्यामलीला भरपाई देण्याचा आदेश दिला. विमुक्त जमातीतल्या माणसाच्या कोठडीतल्या मृत्यूबद्दल पोलिसांना जाब विचारला जाणं, ही त्या काळी दुर्मीळ गोष्ट होती.

बंगालचं प्रकरण गुजरातमध्ये कसं पोहोचलं?

याचं उत्तर तीन माणसांमध्ये आहे. महाश्वेता देवी, बडोद्याच्या ‘भाषा’ संस्थेचे संस्थापक गणेश देवी आणि ‘उचल्या’कार लक्ष्मण गायकवाड. यातले दोघे मराठी. गणेश देवी मूळचे पुणे जिल्ह्यातल्या भोरचे. लक्ष्मण गायकवाड लातूरकडचे आणि स्वतः विमुक्त जमातीतले. ‘उचल्या’ या आत्मकथनाला 1988 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला होता.

मार्च 1998 मध्ये महाश्वेता देवी बडोद्याला व्याख्यानासाठी आल्या आणि त्यांनी बुधनची हकिकत सांगितली. त्याच सुमारास या तिघांनी विमुक्त आणि भटक्या जमातींच्या हक्कांसाठी एक कृती गट स्थापन केला. हे लोक छारानगरलाही गेले. तिथल्या तरुणांशी बोलणं झालं आणि वस्तीत एक छोटं वाचनालय सुरू झालं.

या वाचनालयात जमणाऱ्या पोरांच्या हातात बुधनची कहाणी पडली. गाव वेगळं, भाषा वेगळी, जमात वेगळी. पण रस्त्यावरून उचललं जाणं आणि कोठडीतली मारहाण या गोष्टी त्यांना समजावून सांगाव्या लागल्या नाहीत. त्यांनी ‘बुधन’ हे नाटक बसवलं आणि 31 ऑगस्ट 1998 रोजी, म्हणजे विमुक्त दिनी, छारानगरमध्येच त्याचा पहिला प्रयोग झाला. मंडळींचं नावही तेच पडलं. नाटककार आणि दिग्दर्शक दक्षिण बजरंगे हे या कामातलं सर्वात परिचित नाव. आज बीबीसी गुजरातीसाठी पत्रकारिता करणारे रॉक्सी गागडेकर हेही सुरुवातीच्या फळीतले.

त्यांची नाटकं कशी असतात?

नेपथ्य जवळजवळ नाहीच. पडदा नाही, महागडे दिवे नाहीत. चौक, अंगण, सभागृह, जिथे जागा मिळेल तिथे प्रयोग. नटांची शरीरंच कोठडीची भिंत होतात, गर्दी होतात, पोलिसांची रांग होतात. यामागे कलेचा विचार आहेच, पण सोयही आहे. सामान नसलं की नाटक कुठेही नेता येतं आणि खर्च कमी लागतो.

बहुतेक नाटकं खऱ्या घटनेवरून उभी राहतात. ‘पिन्या हरी काळे की मौत’ हे नाटक बारामतीच्या पारधी तरुणावर आहे. पिन्या काळे याचा जून 1998 मध्ये पोलीस कोठडीत मृत्यू झाला होता, बुधननंतर चार महिन्यांनी. वस्त्यांवर चालणाऱ्या पाडकामावर ‘बुलडोझर’ हे नाटक आहे. महाश्वेता देवींच्या कथेवरून ‘चोली के पीछे क्या है’ बसवलं गेलं. दारिओ फो आणि बादल सरकार यांच्या नाटकांनाही या मंडळींनी आपल्या अनुभवाचा साज चढवला. बजरंगे यांची नाटकं ‘बुधन बोलता है’ या हिंदी पुस्तकात एकत्र वाचायला मिळतात.

एक गोष्ट इथे लक्षात घ्यायला हवी. सांसी, कंजार, नट या समाजांत गाणं, नाच, कसरत आणि सोंग हे पिढ्यान्‌पिढ्यांचं पोट भरण्याचं साधन होतं. कायद्याने फिरणं बंद केलं तेव्हा ते साधनही गेलं. त्यामुळे ‘चोरांना नट बनवलं’ अशी जी बातमी अधूनमधून होते, ती अर्धवट आहे. नट ते आधीपासूनच होते. चोर हा शिक्का नंतर आला.

कॅमेरा कधी आला?

नाटकाची अडचण ही की ते त्या वेळी तिथे असलेल्या लोकांनाच दिसतं. चित्रफीत दुसऱ्या गावाला, न्यायालयाला, विद्यापीठाला दाखवता येते. त्यामुळे नाटकातली पोरं हळूहळू कॅमेऱ्याकडे वळली.

आधी बाहेरचे लोक त्यांच्यावर फिल्म करायला आले. शाश्वती तालुकदार आणि केरिम फ्रीडमन यांनी 2005 मध्ये ‘अॅक्टिंग लाइक अ थीफ’ ही छोटी फिल्म केली आणि 2011 मध्ये ‘प्लीज डोन्ट बीट मी, सर!’ हा मोठा माहितीपट. या माहितीपटात वस्तीचं गोड चित्र रंगवलेलं नाही. आधीच्या पिढीतल्या काहींनी चोरी करून किंवा दारू गाळून मुलांना शिकवलं, हे तिथली माणसं कॅमेऱ्यासमोर सांगतात. आणि मुलांनी ते पुन्हा करू नये म्हणून नाटकाला आशेने पाहतात.

मग वस्तीतल्या लोकांनी स्वतः फिल्म करायला सुरुवात केली. बजरंगे यांचा ‘द लॉस्ट वॉटर’ हा माहितीपट कच्छच्या छोट्या रणात मीठ पिकवणाऱ्या अगरिया लोकांवर आहे. ‘बर्थ 1871’ मध्ये गुन्हेगार जमाती कायद्याचा इतिहास येतो. त्यांनी इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठात शिक्षण घेतलं आणि 2017 मध्ये त्यांचा ‘समीर’ हा हिंदी चित्रपट थिएटरमध्ये लागला. त्यात मोहम्मद झीशान अय्यूब मुख्य भूमिकेत होता.

मोठ्या पडद्यापेक्षा महत्त्वाचं काम वस्तीत चालतं. नाटकाच्या तालमीसोबत मुलं चित्रीकरण, संकलन, मुलाखत घेणं हेही शिकतात. पुढे विमुक्त आणि भटक्या समाजांतल्या तरुणांनी आपल्याच लोकांचे प्रश्न टिपायचे, यासाठी ‘बुधन पॉडकास्ट’ हा उपक्रमही सुरू झाला. कारण सोपं आहे. या वस्त्यांबद्दलची बातमी बहुतेक वेळा पोलिसांच्या माहितीवरून लिहिली जाते. आतून चित्रीकरण करणारं कोणी असलं की दुसरी बाजूही नोंदवली जाते.

यातून खरंच काही बदललं का?

काही बदललं, काही नाही. वाचनालयात बसून वाढलेल्या मुलांच्या हाती आज वेगवेगळे व्यवसाय आहेत. आपण कोण, असं विचारलं तर ‘कलाकार’ हे उत्तर देण्याची सोय झाली आहे. नोकरीच्या अर्जावर किंवा भाड्याची खोली शोधताना ‘छारा’ हे आडनाव लपवणारी माणसं ज्या शहरात आहेत, तिथे काहींनी तेच नाव अभिमानाने लावायला सुरुवात केली.

पण शिक्का पुसला गेलेला नाही. 26 जुलै 2018 च्या रात्री छारानगरवर पोलिसांचा मोठा छापा पडला. आपल्या अधिकाऱ्यावर हल्ला झाल्याचं पोलिसांचं म्हणणं होतं. घरात घुसून मारहाण केली, गाड्या फोडल्या, असा रहिवाशांचा आरोप होता. अटक झालेल्यांमध्ये एक वृत्तछायाचित्रकार आणि वकीलही होते. म्हणजे शिक्षण आणि व्यवसाय असूनही पत्ता भारी पडला. वस्तीने याला शांततेत मोर्चा काढून आणि नाटक करून उत्तर दिलं.

आणि कायद्याचं काय?

ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. तुरुंगांमध्ये जातीवरून कामं वाटून देणं घटनाबाह्य ठरवताना, तुरुंगांच्या नियमावल्यांमध्ये विमुक्त जमातींना ‘सराईत गुन्हेगार’ मानणाऱ्या तरतुदींवरही न्यायालयाने बोट ठेवलं. राज्यांना नियमावल्या बदलण्यासाठी तीन महिन्यांची मुदत दिली गेली. म्हणजे 1952 मध्ये रद्द झालेल्या कायद्याचे शब्द 72 वर्षांनंतरही सरकारी पुस्तकांत शिल्लक होते.

त्याआधी बाळकृष्ण रेणके आणि भिकू रामजी इदाते या दोन महाराष्ट्रातल्या कार्यकर्त्यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय आयोग नेमले गेले. रेणके आयोगाने विमुक्त आणि भटक्यांची देशातली संख्या दहा कोटींच्या पुढे असल्याचा अंदाज दिला होता. एवढ्या लोकांची नेमकी मोजणी नाही, अनेकांकडे कागदपत्रं नाहीत आणि वेगवेगळ्या राज्यांत ते वेगवेगळ्या प्रवर्गांत विभागलेले आहेत.

थोडक्यात

- बुधन थिएटर ही अहमदाबादच्या छारानगरमधली, विमुक्त समाजातल्या तरुणांची नाटक मंडळी. सुरुवात 1998.
- नाव कोठडीत मृत्यू झालेल्या बंगालच्या बुधन सबर याच्यावरून.
- काम : पथनाट्यं, वाचनालय, माहितीपट, तरुणांचं प्रशिक्षण.
- महाराष्ट्राशी नातं : लक्ष्मण गायकवाड, गणेश देवी, बारामतीच्या पिन्या काळे प्रकरणावरचं नाटक आणि कंजारभाट समाज.

पुढच्या वेळी ‘पारधी टोळी जेरबंद’ किंवा ‘कंजारभाट वस्तीवर छापा’ असा मथळा फॉरवर्ड होऊन आला, तर एक गोष्ट तपासून पाहा. इतर कोणत्या गुन्ह्याच्या बातमीत आरोपीची जात मथळ्यात असते का? छारानगरची पोरं गेली पंचवीसहून अधिक वर्षं चौकाचौकात नेमकं हेच विचारत आली आहेत.